बिदागी की हक्क?

गेल्या पावसाळ्यात आपल्या जिल्हा शिबिरात सांस्कृतिक आघाडीच्या कामाविषयी चर्चा चालली असता एका तरुण साथीने मोठ्या तळमळीने असे प्रतिपादन केले की, गाणे हे हवापाण्यासारखे सर्वांचे असते. त्यावर कोणी हक्क सांगणे हीच मुळात भांडवली कल्पना आहे. आणि म्हणून संगीतावरील प्रताधिकाराचा कायदा समूळ रद्द करावा, याखेरीज दुसरी कोणतीही मागणी समाजवाद्यांना शोभणारी नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजविली, कारण मुलगा मनापासून बोलत होता. परंतु परतीच्या एस.टी.त बसल्यावर त्या टाळीचा मला पश्चात्ताप होऊ लागला. ही भूमिका दिसायला जहाल असली तरी प्रत्यक्षात ती कोणाच्या पथ्यावर पडते, याचा हिशेब देशोदेशींच्या कायद्यांकडे पाहून मांडता येतो. तो येथे मांडतो.

प्रारंभ कामगारांच्या आंतरराष्ट्रीय गीतापासूनच करू. पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतलेल्या यूजेन पोतिये या कवीने १८७१ साली ते लिहिले, आणि लील शहरातील कामगारांच्या गायनपथकासाठी पियेर देगेतेर या कामगाराने १८८८ साली त्याला चाल दिली. नोकरी जाऊ नये म्हणून छापील प्रतीवर त्याने केवळ आपले आडनाव घातले. नोकरी गेलीच, शिवाय त्या अर्धवट नावाचा फायदा घेऊन त्याच्या सख्ख्या भावाने, आदोल्फने, चाल आपली असल्याचा दावा केला. न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण चालले आणि शेवटी १९२२ साली निकाल पियेरच्या बाजूने लागला. तोवर त्याची चाल सोव्हिएत राजवटीचे राष्ट्रगीत होऊन बसली होती. कर्ता मात्र उत्तर आयुष्यात दोन लहानशा निवृत्तिवेतनांवर दिवस काढीत होता. एक सोव्हिएत सरकारचे, दुसरे सँ-देनी नगरपालिकेचे. १९३२ साली तो वारला.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. संगीतकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे, आणि महायुद्धांत वाया गेलेल्या काळाची भरपाई म्हणून वर आणखी काही वर्षे, असा फ्रान्समधील हिशेब. त्यामुळे २००५ साली एका छोट्या फ्रेंच चित्रपटाच्या दिग्दर्शकाकडे हक्कवसुली करणाऱ्या संस्थेने सुमारे एक हजार युरोंची मागणी केली. अपराध काय, तर चित्रपटातील एका पात्राने हे गीत काही क्षण शिट्टीवर वाजविले होते! त्याच वर्षी अमेरिकेत तीच चाल कोणीही बेधडक वाजवू शकत होता, कारण १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कृतींवरील हक्क तेथे संपलेले होते. कम्यूनच्या मायभूमीत पैसे मोजा आणि भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात फुकट गा, असा हा प्रकार.

आपला तरुण साथी म्हणेल, हेच तर मी सांगत होतो. मला तसे वाटत नाही. देगेतेर जिवंत होता, नोकरी गमावून बसला होता, तेव्हा त्याच्या हाती हा हक्क नव्हता. तो मातीआड गेल्यावर सत्तर वर्षांनी मात्र तो कायद्याच्या पूर्ण बळानिशी वसूल होत होता. तेव्हा तक्रार हक्काच्या अस्तित्वाविषयी करायची, की तो ज्याच्या हातात असायला हवा त्याच्या हातात कधीच नसतो याविषयी करायची? या विषयावरील बहुतेक चर्चा मुदतीच्या आकड्यांभोवती फिरतात: भारतात मृत्यूनंतर साठ वर्षे, युरोपात सत्तर, मेक्सिकोत शंभर. आकडे महत्त्वाचे आहेत, त्यांकडे मी येईन. पण खरा फरक त्या आकड्यांत नाही. गाणे रचणाऱ्या माणसाला आपला हक्क कागदावरील एका सहीने कायमचा गमावता येतो की नाही, हा खरा फरक आहे.

या बाबतीत जगात ढोबळमानाने दोन परंपरा दिसतात. एक इंग्लंडची. राणी ॲनच्या काळातील १७१० चा कायदा पुस्तकांसाठी होता. १७७७ साली योहान क्रिस्टियन बाख या संगीतकाराने लंडनच्या प्रकाशकाविरुद्ध लढून छापील संगीतही त्यात येते असा निर्णय मिळविला. ही परंपरा प्रतीचा विचार करते. आपला ‘प्रताधिकार’ हा शब्द तिचेच भाषांतर आहे. प्रत ही वस्तू, वस्तू विकता येते, विकली की विकणाऱ्याचा संबंध संपला. आपल्याकडे गवयाला किंवा कीर्तनकाराला बिदागी देऊन निरोप देतात, तसेच हे. दुसरी परंपरा फ्रान्स-जर्मनीची. तिथे कायद्याचे नावच ‘कर्त्याचा हक्क’ असे आहे. १९६५ च्या जर्मन कायद्यानुसार तर कर्त्याला आपला मूळ हक्क हयातीत विकताच येत नाही; तो वापराची परवानगी तेवढी देऊ शकतो. आठ तासांहून अधिक राबण्याचा करार कामगाराने राजीखुशीने केला तरी तो कायद्यापुढे टिकू नये असे आपण म्हणतो, त्याच जातीचा हा विचार आहे. दुबळ्या बाजूच्या ‘राजीखुशी’ला अर्थ नसतो, हे अर्थशास्त्राच्या वर्गात मी तीस वर्षे शिकविले.

फ्रेंच परंपरेचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे हा गीतकार पॅरिसमधील एका उपाहारगृहात बसला असता तेथील वाद्यवृंद त्याच्याच रचना वाजवू लागला. उठताना त्याने पेयाचे पैसे देण्यास नकार दिला. तुम्ही माझे गाणे फुकट वाजविता, मग मी तुमचे पेय फुकट का पिऊ नये, असा त्याचा सवाल. प्रकरण न्यायालयात गेले, बुर्जे जिंकला, आणि त्यातून १८५१ साली कर्त्यांची हक्कवसुली करणारी संस्था उभी राहिली. पुढे शिट्टीचे पैसे मागितले गेले ते याच व्यवस्थेतून, हेही खरे. संघटना म्हातारी झाली की तिचे काय होते, हे पक्षकार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

उपाहारगृहाचाच प्रश्न अमेरिकेत कसा सुटला पाहा. १९१७ साली व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, भोजनगृहात वाजणारे संगीतही धंद्याचाच भाग असून त्याचे पैसे दिले पाहिजेत, असा निकाल दिला. १९९८ साली मात्र काँग्रेसने कायदा करून ३,७५० चौरस फुटांपेक्षा लहान उपाहारगृहांना रेडिओ-दूरचित्रवाणीवरील संगीताबाबत या देण्यातून मुक्त केले. आयर्लंडच्या संगीतकारांनी गाऱ्हाणे मांडले, युरोपीय संघाने ते जागतिक व्यापार संघटनेपुढे नेले, आणि २००० साली अमेरिकेचा कायदा आंतरराष्ट्रीय कराराचा भंग करतो असा निर्णय लागला. अमेरिकेने काय केले? तीन वर्षांच्या नुकसानीपोटी ३३ लाख डॉलर टेकविले आणि कायदा होता तसाच ठेवला. गरीब देशांनी नकली कॅसेटी विकल्या म्हणून त्यांच्यावर डोळे वटारणारे हे राष्ट्र! तेथील एफ.एम. केंद्रावर गाणे लागले तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला एक छदामही मिळत नाही. ‘रिस्पेक्ट’ हे गाणे अरीथा फ्रँकलिनच्या आवाजाने अजरामर झाले, ते रेडिओवर असंख्य वेळा वाजले, आणि त्या वाजण्याचे पैसे ते लिहिणाऱ्या ओटिस रेडिंगच्या बाजूला गेले. इंटरनेटवरील प्रक्षेपणासाठी १९९५ च्या कायद्याने गायकांना हक्क मिळाला. जुन्या रेडिओच्या मालकांना कोणी हात लावू शकलेले नाही.

आता मुदतीचे आकडे. १९९८ सालीच अमेरिकेने कर्त्याच्या मृत्यूनंतरची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेली. कायद्याला नाव दिले सनी बोनो या दिवंगत गायक-लोकप्रतिनिधीचे. लोकांनी त्याला मिकी माऊसचा कायदा म्हटले, कारण डिस्ने कंपनीचा त्यासाठी रेटा होता. त्याविरुद्धच्या खटल्यात सतरा अर्थतज्ज्ञांनी सर्वोच्च न्यायालयाला निवेदन सादर केले. त्यांत केनेथ ॲरो होते, तसे मिल्टन फ्रीडमनही होते, आणि फ्रीडमन हे आपल्या गोटातले होते असा आरोप त्यांच्या शत्रूनेही कधी केला नसता. त्यांचे म्हणणे साधे होते. सात टक्के व्याजदर धरला तर ऐंशी वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मूल्य अर्ध्या पैशाहूनही कमी भरते. त्या अर्ध्या पैशाच्या लोभाने कोणी नवे गाणे रचील हे संभवत नाही. पण जुन्या गाण्यांचा साठा ज्यांच्या तिजोरीत आहे त्यांना वीस वर्षांचे उत्पन्न घरबसल्या मिळते. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले तेच हे. मालकाने काहीही निर्माण न करता मिळणारे हे उत्पन्न आहे. न्यायालयाने २००३ साली सात विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरविला. पुढे ही मुदतवाढ व्यापारी करारांच्या मार्गाने फिरत राहिली: ऑस्ट्रेलियात २००५ साली, जपानमध्ये २०१८ साली, कॅनडात २०२२ च्या अखेरीस. युरोपने २०११ साली ध्वनिमुद्रणांवरील हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षे केली, तीही वृद्ध वादकांचे नाव पुढे करून. तेथे निदान एवढे झाले की, त्या वाढीव काळातील उत्पन्नाचा वीस टक्के भाग एकरकमी पैशांवर वाजवून गेलेल्या वादकांसाठी बाजूला काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले गेले. आपल्याकडे ढोलकीवाल्यासाठी असा निधी ठेवणारे कलम नाही.

परंतु आकड्यांपेक्षा सह्यांची गोष्ट मोठी, असे मी म्हटले. तिचा पुरावा म्हणून सॉलोमन लिंडाची कथा सविस्तर सांगतो; शिबिरातील त्या साथीनेही ती वाचावी अशी इच्छा आहे.

लिंडा हा नाताळ प्रांतातील झुलू तरुण. जोहान्सबर्गला पोटासाठी आला आणि एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या कारखान्यात तबकड्या बांधण्याचे काम करू लागला. त्याचे स्वतःचे गायनपथक होते. १९३९ साली त्याच कंपनीने त्याचे ‘म्बुबे’, म्हणजे ‘सिंह’, हे गाणे मुद्रित केले. ते दक्षिण आफ्रिकेत अफाट खपले. लिंडाने त्यावरील हक्क कंपनीला लिहून दिले, दहा शिलिंगांना. पुढे ती तबकडी अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती पडली. सीगर म्हणजे आपल्याच विचारांचा, मॅकार्थीच्या काळात छळ सोसलेला माणूस. त्यांनी व त्यांच्या ‘वीव्हर्स’ या पथकाने ते आफ्रिकेतील पारंपरिक लोकगीत समजून गायिले, झुलू शब्द चुकीचा ऐकू आल्याने ‘विमोवे’ या नावाने. लोकगीत म्हणजे जनतेचे, जनतेचे म्हणजे कोणाचेच नव्हे. आणि कोणाचेच नसेल तर ते कोणाच्या तरी नावावर नोंदवायला हरकत ती कसली? रचनाकार म्हणून नाव लागले ‘पॉल कॅम्पबेल’ असे. या नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. लोकगीतांवरील उत्पन्न गोळा करण्यासाठी धारण केलेले ते एक टोपणनाव होते. खरा रचनाकार जिवंत आहे हे कळल्यावर सीगर यांनी लिंडाला एक हजार डॉलरचा धनादेश पाठविला. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण प्रकाशन संस्थांचे हिशेब हेतूंवर चालत नाहीत. १९६१ साली त्याच चालीवर इंग्रजी शब्द चढवून झालेले नवे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. १९६२ साली लिंडा दारिद्र्यात वारला. त्याच्या थडग्यावर दगड बसवायलाही घरच्यांना पुढे कित्येक वर्षे लागली. १९९४ साली डिस्नेच्या ‘लायन किंग’ या चित्रपटात ती चाल जगभर गाजली.

गाणे जनतेचे आहे, हे वाक्य येथे लुटीची किल्ली झाले, हे साथींच्या ध्यानात आले असेल. धनदांडग्यांनी ते वाक्य खोडून काढले नाही. उलट त्यांनी ते मान्य करून त्याखाली आपली सही ठोकली.

कथेचा शेवट कायद्याच्या अभ्यासकाला चकित करणारा आहे. लिंडाने सह्या केल्या होत्या, कागद पक्के होते. पण दक्षिण आफ्रिकेत तेव्हा १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा प्रताधिकार कायदा लागू होता आणि त्यात एक विसरलेली तरतूद होती. कर्त्याने हयातीत हक्क विकून टाकला असला तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी तो वारसांकडे परत जावा, आणि कोणत्याही कराराने हे टाळता येऊ नये, अशी. म्हणजे १९८७ पासून साम्राज्याच्या जुन्या मुलखापुरता तरी तो हक्क लिंडाच्या कुटुंबाचा होता. या आधारावर २००४ साली दक्षिण आफ्रिकेत डिस्नेवर दावा लावण्यात आला आणि न्यायालयाने कंपनीची तेथील व्यापारचिन्हे, मिकी माऊससह, जप्तीत घेतली. २००६ साली तडजोड झाली. लिंडाचे नाव रचनाकार म्हणून मान्य झाले आणि मागच्या-पुढच्या उत्पन्नातील वाटा कुटुंबाला मिळाला. अमेरिकेच्या बाजारात न मिळालेला न्याय साम्राज्यशाहीच्या एका अडगळीतील कलमाने काही अंशी दिला!

आता आपण घरी येऊ. हाच १९११ चा कायदा १९१४ साली थोड्या फेरफारांनिशी हिंदुस्थानात लागू झाला होता, त्या पंचवीस वर्षांच्या तरतुदीसह. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५७ साली स्वतःचा कायदा केला, आणि हक्क परत येण्याची ती तरतूद त्यात राहिली नाही. पारतंत्र्यातील कायद्यात गायक-कवीच्या पोराबाळांसाठी जे होते ते स्वराज्यात गेले, आणि माझ्या माहितीप्रमाणे आपल्यापैकी कोणी त्याबद्दल अवाक्षरही काढले नाही. शिवाय त्या कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या अशी होती की, स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित असली पाहिजे. जिथे बंदिश गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी जाते, जिथे शाहिराची चाल डफावर आणि कंठात राहते, त्या देशात कागदावर नसलेले संगीत कायद्याला दिसतच नव्हते! ही व्याख्या बदलायला १९९४ साल उजाडावे लागले; वादक-गायकांचा प्रयोगावरील हक्कही त्याच वर्षीच्या दुरुस्तीने पहिल्यांदा मान्य झाला. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांना स्वामित्वधन मिळावे असा आग्रह धरला तेव्हा महंमद रफी यांच्यासारख्या सज्जन कलावंतालाही तो पटला नव्हता. निर्मात्याने ठरलेले पैसे दिले, विषय संपला, अशी त्यांची भूमिका होती. ही बिदागीची नीती आपल्या हाडीमाशी किती खिळली आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. कलेच्या पैशाला आपण ‘मानधन’ म्हणतो. मानाच्या धनाची घासाघीस कोण करील?

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालपत्रात स्वतंत्र टिपण जोडून गाणाऱ्याला कायद्यात स्थान नसल्याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचविले. पुढे पस्तीस वर्षे गीतकार-संगीतकार त्या निकालाखाली राहिले. २०१२ ची दुरुस्ती झाली ती राज्यसभेत जावेद अख्तर यांच्यासारखा स्वतः गीते लिहिणारा सदस्य असल्यामुळे बऱ्याच अंशी. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार-संगीतकाराला मिळाला पाहिजे, तो हक्क त्याला कंपनीला लिहून देता येणार नाही, आणि तसा करार केला तरी तो रद्दबातल ठरेल, असे कायदा आता सांगतो. हक्कवसुली संस्थांच्या कारभारात कर्ते आणि मालक यांची संख्या समान असावी, हेही त्यात आले. ही तरतूद इंग्रजी परंपरेच्या कुशीत जन्मलेल्या कायद्यात जर्मन विचाराचे कलम करण्यासारखी आहे, आणि आपल्या देशाला तिचा अभिमान वाटावा. काँग्रेस राजवटीत झाली म्हणून तिची स्तुती करण्यात आपण हात आखडता घेऊ नये.

हक्क कलावंताचा गळाही आवळू शकतो, हे मान्यच आहे. रवींद्रनाथांच्या गीतांवरील हक्क विश्वभारतीकडे होते, आणि गाणे कसे गावे हे तिचे संगीत मंडळ ठरवी. जननाट्य संघात वाढलेले देबब्रत बिश्वास हे थोर गायक. साथीला कोणती वाद्ये घेतली यावरून मंडळाशी मतभेद झाले आणि त्यांनी रवींद्रसंगीत ध्वनिमुद्रित करणेच थांबविले. रवींद्रनाथांच्या निधनाला पन्नास वर्षे पूर्ण होताच, १९९१ च्या अखेरीस, हे हक्क संपायचे होते. तेव्हा वटहुकूम काढून आणि १९९२ साली कायदा करून साऱ्या देशासाठी मुदत पन्नासवरून साठ वर्षांची केली गेली. त्या दहा वर्षांत रवींद्रनाथांना काय मिळाले? यावरून हक्क नको असे अनुमान निघत नाही. मोबदल्याचा हक्क आणि मनाईचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत, एवढेच निघते. पहिला कर्त्यापासून कोणालाही हिरावता येऊ नये. दुसरा जितका आखूड तितका बरा. आपल्या पथकांना भीती वाटत असेल तर सांगतो: हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर गाण्याला आपला कायदा आजही सूट देतो. चौकातल्या पोवाड्याला कोणी अडवीत नाही.

आता त्या टाळीची लाज मला का वाटली ते सांगतो. १९८६ साली आमच्या तालुक्यातील एका शाहिराकडे कॅसेट कंपनीचा माणूस आला. शाहीर चळवळीतला, गोवा मुक्तिसंग्रामापासून दुष्काळी परिषदांपर्यंत त्याचा डफ वाजलेला. करार इंग्रजीत, मुद्रांक कागदावर. तो माझ्याकडे आला. “सर, तुम्ही वाचा म्हणजे झालं,” म्हणाला. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. वरवर नजर फिरविली, रक्कम पाहिली, बाराशे रुपये, त्याच्या दोन महिन्यांच्या पोटापुरती. “ठीक आहे, घ्या करून,” म्हणालो, आणि साक्षीदार म्हणून सही केली. दुसऱ्या पानावर एक वाक्य होते: आज ज्ञात असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांतून, सर्व देशांत, कायमस्वरूपी. ते मी वाचले होते. वाचून मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे जास्त वाईट. शाहीर २००३ साली गेला. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. तिच्या वडिलांचे पोवाडे मोबाईलवर लाखो लोक ऐकतात, आरंभी जाहिरात वाजते, खाली कंपनीचे नाव येते. तिने कागदावरचे माझे नाव बोटाने दाखविले आणि विचारले, “सर, हे तुम्हीच ना?”

करार १९८६ चा, दुरुस्ती २०१२ ची. त्या मुलीला मी काय उत्तर देणार होतो? लिंडाच्या मुलींना जे कलम सापडले ते तिच्यासाठी १९५७ सालीच नाहीसे झालेले आहे.

म्हणून मागणी करायचीच तर ही करू: हक्क कोणालाही, कोणत्याही किमतीला लिहून दिला असला तरी ठरावीक वर्षांनी तो कर्त्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे आपोआप परत यावा, आणि जुन्या करारांनाही हे लागू असावे. ही कल्पना परकी वा अतिरेकी नाही. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातसुद्धा पस्तीस वर्षांनी करार मोडण्याची मुभा कर्त्याला आहे. फक्त तेथे त्याने स्वतः नोटीस द्यावी लागते, आणि आमच्या शाहिराला नोटीस देणे जमले नसते, म्हणून आपल्याकडे ते आपोआप व्हावे. मुदत साठ वर्षांच्या पुढे जाऊ नये, आणि कोणत्याही व्यापारी करारात ती वाढवून देण्याचे सरकारने कबूल केले तर संसदेत आपल्या मित्रांनी त्याला विरोध करावा. जी गाणी ‘पारंपरिक’ म्हणून बाजारात येतात ती कोणाच्या तोंडून घेतली, त्याचे नाव आणि गाव नोंदविण्याचे बंधन कंपनीवर असावे.

त्याआधी मात्र आपल्या घरातले एक काम आहे. शिबिरात वाटलेली आपली गीतपुस्तिका मी घरी आणून पाहिली. तीत एकतीस गाणी आहेत. कवीचे नाव नऊ गाण्यांखाली आहे, चाल देणाऱ्याचे एकाखालीही नाही. उरलेल्यांपैकी चौदांचे कवी मला ठाऊक आहेत, सात चालींचे कर्तेही; त्यांतील तिघे हयात आहेत आणि एक सोलापूर बाजूला वृद्धाश्रमात असतात. ही यादी मी या लेखासोबत संपादकांकडे धाडीत आहे. बाकीची नावे जुन्या साथींनी कळवावीत. पुढची आवृत्ती त्यांच्यासाठी थांबवावी अशी विनंती मी जिल्हा समितीला वेगळ्या पत्राने केली आहे.